लोककला महोत्सवासाठी निधी : चार प्रकारचा पैसा आणि त्याचे चार रस्ते

तालुक्याच्या गावी तीन दिवसांचा लोककला महोत्सव भरवायचे ठरले की कार्यकारिणीच्या पहिल्याच बैठकीत पैशाचा प्रश्न निघतो आणि बहुधा त्याचे उत्तर म्हणून ओळखीच्या माणसांची एक यादी तयार होते. ही यादी लागतेच. परंतु त्याच यादीतील प्रत्येकाकडे एकाच मजकुराचे पत्र घेऊन जाण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ आहे, तिच्यामुळे चांगले कार्यक्रमही अर्धपोटी राहतात, असे माझे अनेक वर्षे संस्थेचे हिशेब सांभाळल्यानंतरचे मत आहे. देणगी, प्रायोजकत्व, शासकीय अनुदान आणि कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, म्हणजे ज्याला सर्वजण सीएसआर म्हणतात तो, हे चार वेगळ्या स्वभावाचे पैसे आहेत. प्रत्येकाचा कायदा वेगळा, वर्षातील वेळ वेगळी आणि देणाऱ्याची अपेक्षाही वेगळी असते. देणगीदाराला समाधान आणि पावती हवी असते, प्रायोजकाला प्रसिद्धी हवी असते, शासनाला उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, हवा असतो, तर सीएसआर समितीला कायद्याच्या चौकटीत बसणारे आणि मोजता येणारे काम हवे असते. हा फरक ओळखूनच पत्र लिहायला बसावे.

सर्वांत आधी संस्थेची कागदपत्रे पाहावीत. महाराष्ट्रात सांस्कृतिक संस्था साधारणतः संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदली जाते आणि तिची नोंद महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही होते. नोंदणी झाली म्हणजे काम संपले, असा समज अनेक मंडळांत आढळतो. प्रत्यक्षात विश्वस्त बदलल्याचे बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात वर्षानुवर्षे प्रलंबित असतात, लेखापरीक्षण अहवाल दाखल झालेले नसतात आणि बँकेत सहीचे अधिकार दिवंगत झालेल्या माणसाच्या नावावर असतात. अनुदानाच्या अर्जाची छाननी करणारा अधिकारी कार्यक्रमाचे वर्णन वाचण्यापूर्वी हेच पाहतो. मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, संस्थेची घटना, सध्याच्या विश्वस्तांची अधिकृत यादी, पॅन, बँक खात्याचा तपशील आणि 'हा महोत्सव घ्यावा व त्यासाठी निधी मागावा' असा इतिवृत्तात नोंदलेला ठराव, एवढे एका फाइलमध्ये तयार असेल तर पुढचा निम्मा त्रास वाचतो. संस्था नोंदलेली नसेल आणि मंडळाला केवळ या उत्सवापुरती वर्गणी गोळा करायची असेल, तर धर्मादाय कार्यालयाकडून याच विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क अन्वये परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळांना ही वाट चांगली परिचित आहे. मात्र अशा परवानगीवर वर्गणी जमते. मोठे अनुदान किंवा सीएसआर निधी तिच्यावर मिळत नाही.

प्राप्तिकर विभागाकडील दोन नोंदण्याही याच टप्प्यावर तपासाव्यात. एक संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला सूट मिळण्यासाठी आणि दुसरी देणगीदाराला वजावट मिळण्यासाठी. बोलीभाषेत त्यांना 'बारा-ए' आणि 'ऐंशी-जी' म्हणतात. प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलतात, तरी देणगीदार विचारताना जुनेच शब्द वापरतो. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नव्या करप्रणालीत असलेल्या व्यक्तीला अशा देणगीची वजावट मिळत नाही, आणि आता बहुतेक नोकरदार त्याच प्रणालीत आहेत. म्हणून 'कर वाचेल' हे आमिष दाखवून व्यक्तीकडे देणगी मागू नये. तिला कामाचे महत्त्व सांगावे. वजावट मिळण्यासाठी २,००० रुपयांपेक्षा अधिकची देणगी रोखीने चालत नाही, ती धनादेशाने किंवा बँकेमार्फत यावी लागते, हेही पावतीपुस्तक हाती घेणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे.

अंदाजपत्रक

निधीच्या मागणीत सर्वांत जास्त वेळ ज्यावर घालवावा असा कागद म्हणजे अंदाजपत्रक. उदाहरणादाखल ६,००,००० रुपयांचा एक तीन दिवसांचा महोत्सव घेऊ, ज्यात एक दशावतारी नाटक, एक शाहिरीचा कार्यक्रम, भारूड आणि गोंधळ, आणि दिवसा मुलांसाठी चित्रकथीची, म्हणजे चित्रे दाखवत कथा गाऊन सांगण्याच्या कलेची, कार्यशाळा आहे. कलावंतांचे मानधन २,१०,०००, मंडप, रंगमंच, ध्वनी आणि प्रकाश मिळून १,६०,०००, प्रवास, निवास व भोजन ९०,०००, छपाई व प्रसिद्धी ४५,०००, चित्रीकरण ३५,०००, परवानग्या, विमा, वैद्यकीय सोय आणि स्वच्छता ३०,०००, आणि आकस्मिक खर्च ३०,००० अशी मांडणी करता येईल. हे आकडे प्रत्येक गावात बदलतील; महत्त्वाचे आहे ते त्यांचे प्रमाण. मानधन हा सर्वांत मोठा आकडा असावा. मंडप आणि फ्लेक्स यांवरील खर्च मानधनापेक्षा मोठा दिसला तर वाचणाऱ्याच्या मनात संस्थेच्या हेतूविषयी शंका येते, आणि ती शंका योग्यच असते. लोककलावंताला 'सेवा म्हणून या' असे सांगून त्याच्या पोटावर महोत्सव उभा करू नये.

प्रत्येक ओळीमागे एक दरपत्रक जोडावे. जी मदत वस्तुरूपाने मिळणार आहे, म्हणजे शाळेचे पटांगण, कोणाच्या घरची निवासाची सोय, छापखान्याने न आकारलेली मजुरी, तिचीही बाजारभावाने किंमत लावून ती जमेच्या व खर्चाच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र दाखवावी. अनुदान देणाऱ्याला संस्थेचा स्वतःचा वाटा किती हे पाहायचे असते आणि तो वाटा पुष्कळदा याच रूपात असतो.

जमेची बाजू लिहिताना आम्ही एकदा मोठी चूक केली. एका कार्यालयाकडून अनुदान मंजूर झाल्याचे पत्र आले, ती रक्कम आम्ही हातात आली असे धरून तिसऱ्या दिवसाचा कार्यक्रम वाढवला, आणि प्रत्यक्ष पैसे महोत्सव संपून वर्ष उलटल्यावर मिळाले. मधल्या काळात ध्वनिव्यवस्थेवाल्याचे देणे दोघा विश्वस्तांनी स्वतःच्या बचतीतून भागवले. तेव्हापासून आमच्या अंदाजपत्रकाला दोन पाने असतात : अनुदान आले तर काय होईल, आणि नाही आले तर काय होईल. वरच्या उदाहरणात संस्थेची स्वतःची वर्गणी व तिकिटे १,२०,०००, स्मरणिका १,५०,०००, प्रायोजक १,८०,००० आणि अनुदान १,५०,००० अशी जमा धरली, तर शेवटचा आकडा वजा करून ४,५०,००० रुपयांत दोन दिवसांचा महोत्सव कसा उभा राहील हे आधीच लिहून ठेवावे. तिसरा दिवस कोणत्या तारखेपर्यंत रद्द करता येईल, तेही कलावंतांशी मोकळेपणाने बोलून ठरवावे.

गावातील पैसा

स्थानिक प्रायोजक मिळवण्याची सुरुवात बाजारपेठेतून होते. किराणा, सराफ, कापड, दुचाकीचे वितरक, खासगी शिकवण्या, दवाखाने यांच्यासाठी स्मरणिकेतील जाहिरात ही ओळखीची गोष्ट आहे : मलपृष्ठ, आतील मुखपृष्ठ, पूर्ण पान, अर्धे पान, आणि ज्यांना जाहिरात नको त्यांच्यासाठी 'हार्दिक शुभेच्छा' अशी एक ओळ. स्मरणिका मात्र वाचण्यासारखी असावी. त्यात त्या भागातील कलाप्रकारांची माहिती, कलावंतांच्या मुलाखती, जुने फोटो असतील तर ती घरात राहते, आणि पुढच्या वर्षी जाहिरात मागायला गेल्यावर दुकानदार स्वतःच तिचा विषय काढतो. नुसत्या जाहिरातींचा गठ्ठा दोन वर्षांत कोणी हाती धरत नाही.

जाहिरातीपेक्षा मोठ्या रकमेसाठी 'महोत्सवाला मदत करा' असे न म्हणता नेमकी गोष्ट मागावी. 'दुसऱ्या रात्रीच्या दशावतारी प्रयोगाचा ६५,००० रुपयांचा खर्च आपण उचलावा' ही मागणी समोरच्याला समजते, कारण त्याला आपला पैसा कोठे दिसणार आहे हे कळते. पत्र एका पानाचे असावे. त्यात कार्यक्रम काय व कधी, गेल्या वर्षी किती प्रेक्षक होते आणि ते कसे मोजले, मागणी किती, आणि बदल्यात काय दिले जाईल, एवढेच लिहावे. बदल्यात जे देऊ करायचे ते आपल्याला पाळता येईल असेच असावे : कमानीवर नाव, निवेदकाने किती वेळा उल्लेख करायचा, स्मरणिकेतील पान, पुढच्या रांगेतील आसने, पटांगणाबाहेर दालन. रंगमंचाच्या मागचा पडदा मात्र विकू नये. दशावताराच्या मागे सिमेंटची जाहिरात लटकलेली असली की प्रेक्षकाचे लक्ष तर विचलित होतेच, शिवाय कलावंताचाही अवमान होतो. भेटीला दोघांनी जावे, त्यांतील एक जण त्या मालकाच्या परिचयाचा असावा, आणि दिवाळीच्या आदल्या पंधरवड्यात किंवा मार्चअखेरीस कोणाकडेही जाऊ नये.

नागरी सहकारी बँका, पतसंस्था, साखर कारखाने, दूध संघ आणि कृषी उत्पन्न बाजार समित्या या ग्रामीण महाराष्ट्रातील सांस्कृतिक जीवनाचा मोठा आधार आहेत. सहकारी संस्थांना नफ्यातून सार्वजनिक कामासाठी रक्कम बाजूला ठेवण्याची तरतूद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये कलम ६९ खाली आहे. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होत असल्याने हिवाळ्यात महोत्सव असेल तर जून-जुलैतच अर्ज पोहोचलेला असावा. अध्यक्षांच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये, संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत मागावी.

तंबाखूजन्य पदार्थांच्या उत्पादकांकडून प्रायोजकत्व घेणे २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने निषिद्ध आहे. त्याच नावाच्या पानमसाल्याचा किंवा वेलचीचा फलक पुढे करून कोणी आला, तरी जिथे शाळेची मुले कार्यशाळेला बसणार आहेत तिथे तो लावू नये, असे मला मनापासून वाटते. राजकीय पुढाऱ्यांकडून वैयक्तिक देणगी घ्यायची की नाही, हे संस्थेने आपल्या स्वभावानुसार ठरवावे. मात्र आमदार किंवा खासदार यांचा स्थानिक विकास निधी महोत्सवाच्या खर्चाला मिळत नाही, तो स्थायी स्वरूपाच्या कामांसाठी असतो, हे लक्षात घेऊन त्यांच्याकडे खुल्या रंगमंचाचे बांधकाम मागावे.

कराच्या दृष्टीने प्रायोजकत्व ही देणगी नव्हे. नाव झळकवण्याच्या बदल्यात मिळालेल्या रकमेची 'ऐंशी-जी'ची पावती देणे चुकीचे आहे. ती जाहिरातीची सेवा ठरते, कंपनी रक्कम देताना त्यावर टीडीएस, म्हणजे उगमस्थानी करकपात, कापते आणि जीएसटीचा प्रश्नही उद्भवतो. नोंदणीकृत न्यासाने कंपनीला दिलेल्या प्रायोजकत्वाच्या सेवेवरील जीएसटी सर्वसाधारणपणे रिव्हर्स चार्ज पद्धतीने कंपनीच भरते. आपल्या संस्थेला नेमके काय लागू आहे ते सीएकडून पहिल्या करारापूर्वी लेखी घ्यावे.

कंपन्यांचा सीएसआर

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे नक्त मूल्य (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. कोणत्या कामांवर, हे सातव्या अनुसूचीत दिले आहे, आणि त्यात राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृतीचे संरक्षण तसेच पारंपरिक कला व हस्तकलांचा विकास यांचा स्पष्ट उल्लेख आहे. एवढे वाचून पुष्कळ संस्था महोत्सवाचे पत्रक घेऊन कंपनीत जातात आणि निराश होऊन परततात. कारण शासनाने जून २०१४ मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केले की मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे यांसारखे एकवेळचे कार्यक्रम सीएसआर म्हणून धरले जाणार नाहीत, आणि नियमांनुसार आपल्या मालाच्या प्रसिद्धीसाठी दिलेले प्रायोजकत्वही त्यातून वगळलेले आहे.

म्हणून सीएसआर निधी मागायचा असेल तर महोत्सव बाजूला ठेवून कामाचा विचार करावा. कुडाळ तालुक्यातील पिंगुळीची चित्रकथी किंवा सावंतवाडीचा गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळाचे पत्ते, घ्या. वर्षभरात ठरावीक मुलांना ही कला शिकवणे, ज्येष्ठ कलावंतांना दरमहा गुरुमानधन देणे, जुन्या चित्रांचे व पदांचे दस्तऐवजीकरण करणे, आणि वर्षाच्या शेवटी त्या मुलांचे सादरीकरण असा बारा महिन्यांचा प्रकल्प अनुसूचीच्या शब्दांत नीट बसतो. सादरीकरणाचा दिवस महोत्सवात असला तरी तो प्रकल्पाचा शेवटचा टप्पा ठरतो. ही केवळ कागदावरची चलाखी समजू नये. माझ्या मते दोन रात्रींच्या रोषणाईपेक्षा कलेला याच कामाची अधिक गरज आहे, आणि कायद्याने नकळत का होईना, संस्थांना योग्य दिशेला ढकलले आहे. संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे 'सीएसआर-१' या नमुन्यात नोंदणी असावी लागते, त्यासाठी 'बारा-ए' व 'ऐंशी-जी' या नोंदण्या आवश्यक आहेत, आणि सर्वसाधारण सार्वजनिक न्यासाला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. कंपनीने आपल्या कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायद्यात म्हटले आहे, म्हणून मुंबईच्या मोठ्या नावांमागे धावण्यापूर्वी जवळच्या औद्योगिक वसाहतीत कोणत्या कंपन्या आहेत ते पाहावे, त्यांच्या संकेतस्थळावरील मागील वर्षाचा सीएसआर अहवाल वाचावा आणि एप्रिलच्या आसपास, वार्षिक आराखडा ठरत असताना, भेट मागावी.

शासन आणि न्यास

केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या 'कला संस्कृती विकास योजने'त महोत्सव, परिसंवाद, कार्यशाळा आणि नाट्य, नृत्य, संगीत यांच्या निर्मितीसाठी संस्थांना अनुदान देणारा घटक आहे. त्याची मर्यादा सर्वसाधारणपणे ५ लाख, आणि अपवादात्मक प्रकरणी २० लाख रुपये आहे. एनजीओ दर्पण या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या शासकीय पोर्टलवर संस्थेची नोंद आधी करून ठेवावी. अनुदान हप्त्यांत मिळते आणि शेवटचा हप्ता हिशेब सादर केल्यानंतरच येतो, त्यामुळे तेवढी रक्कम काही महिने स्वतः सोसण्याची तयारी ठेवावी लागते.

रोख पैशापेक्षा कलावंतांच्या पथकाचा खर्चच कोणी उचलला तर अनेकदा ते अधिक सोयीचे ठरते. उदयपूरचे पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आणि नागपूरचे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र या दोन्हींमध्ये महाराष्ट्राचा समावेश आहे, आणि परप्रांतातील लोककला पथके स्थानिक संस्थेच्या सहकार्याने आणण्याचे काम ही केंद्रे करतात. राजस्थानचे किंवा छत्तीसगडचे पथक आपल्या गावात येते, तेव्हा आपल्या कलावंतांनाही खूप काही पाहायला मिळते. राज्य पातळीवर सांस्कृतिक कार्य संचालनालय तमाशा, दशावतार, खडीगंमत, शाहिरी अशा पथकांना भांडवली व प्रयोग अनुदान देते. हे अनुदान पथकाला मिळते, आयोजकाला नव्हे. परंतु पात्र पथकांना त्याचा अर्ज भरण्यास संस्थेने मदत केली तर महोत्सवाला त्याचा लाभ आपोआप होतो. महोत्सवाला साहित्याची जोड असेल, तर मराठी भाषा विभाग आणि राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ यांच्या योजनाही पाहाव्यात. गोव्यातील संस्थांनी कला आणि संस्कृती संचालनालयाकडे जावे. नगरपालिकेकडे मागणी करायची असेल तर अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतो, म्हणून डिसेंबरात निवेदन द्यावे आणि रोख रकमेपेक्षा नाट्यगृहाच्या भाड्यात सवलत, पाणी, स्वच्छता, फिरते स्वच्छतागृह या गोष्टी मागाव्यात. त्या लवकर मंजूर होतात. निवडणुकीची आचारसंहिता लागू होण्याची शक्यता असेल, तर मंजुरीचा आदेश तिच्या आधी हाती यावा अशी घाई करणे भाग आहे.

एखाद्या कलावंताला किंवा अभ्यासकाला संशोधन वा प्रयोगासाठी पैसे हवे असतील तर बेंगळुरूच्या 'इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स' या १९९३ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेकडे जावे. प्रस्ताव मराठीतही लिहिता येतो, आणि आपली कल्पना आपल्या भाषेत मांडलेली असली की ती अधिक नेमकी उतरते.

परदेशी स्थायिक झालेली गावची मंडळी मदत करू इच्छितात तेव्हा मात्र फार जपावे लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी नातलगाने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली रक्कम परकीय योगदान मानली जात नाही. परंतु ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे, त्याच्याकडे ओसीआय (मूळच्या भारतीयांना मिळणारे) कार्ड असले तरी, त्याची देणगी परकीय योगदान ठरते. ती घेण्यासाठी २०१० च्या परकीय योगदान (विनियमन) कायद्याखाली नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेत खाते लागते. अमेरिकेतील भाच्याने प्रेमाने पाठवलेले पाचशे डॉलरही यातून सुटत नाहीत, म्हणून पैसे येण्यापूर्वीच पासपोर्ट कोणता हे विचारावे. त्यात संकोच करू नये.

महोत्सवानंतरचे दोन महिने

पडदा पडल्यावर कार्यकर्ते थकलेले असतात आणि हिशेब मागे पडतो. म्हणून देयके जमा करणारी एकच व्यक्ती महोत्सवापूर्वीच नेमावी आणि पक्के बिल किंवा सही-शिक्क्याचे व्हाउचर हाती आल्याशिवाय रक्कम देऊ नये. मंडपवाल्याच्या कच्च्या चिठ्ठीवर कोणतेही लेखापरीक्षण उभे राहत नाही. ज्या कलावंताकडे बिलपुस्तक नसते त्याच्याकडून पॅन, बँक खाते आणि सही घेऊन मानधन थेट खात्यात जमा करावे. प्रत्येक अनुदानासाठी हिशेबात वेगळे खाते उघडावे आणि एकच बिल दोन ठिकाणी कदापि जोडू नये.

प्रायोजकांना पंधरा दिवसांच्या आत आभारपत्र, त्यांचे नाव दिसेल असे दोन-तीन फोटो आणि वृत्तपत्रातील कात्रणे पोहोचवावीत, तीही शक्य तर प्रत्यक्ष जाऊन. अनुदान देणाऱ्या कार्यालयाला सीएने प्रमाणित केलेले उपयोगिता प्रमाणपत्र, लेखापरीक्षित खर्चपत्रक, चित्रीकरण आणि छोटा अहवाल द्यावा, आणि आवक क्रमांकाची पोच घ्यावी. 'ऐंशी-जी'च्या देणगीदारांचे विवरण आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत भरण्याचा दंडक आहे, त्यासाठी पावती फाडतानाच पॅन आणि पत्ता लिहून घेतलेला असावा. जे ठरले होते पण झाले नाही, म्हणजे पावसाने रद्द झालेला प्रयोग किंवा अपेक्षेपेक्षा कमी भरलेली कार्यशाळा, तेही अहवालात जसेच्या तसे लिहावे. आमच्या अहवालात एका वर्षी शिल्लक राहिलेले १८,००० रुपये आम्ही दात्याला परत देऊ केले होते. त्यांनी ते परत न घेता पुढच्या वर्षीच्या चित्रकथी कार्यशाळेसाठी राखून ठेवायला सांगितले, आणि त्या कार्यशाळेचा उरलेला खर्चही न मागता उचलला.